‘झेड गेला’: रिमोट लॉगिनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह न दिसण्याचं एक प्रकरण

भोसरी एमआयडीसीतली एक टूलरूम. प्रेस टूल आणि फिक्श्चर बनवणारी, चाळीसेक माणसांची. डिझाइनचं ऑफिस कर्वे रोडला, मशिनं आणि फाइल सर्व्हर भोसरीत. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर ‘ड्रॉइंग्ज’ नावाचा शेअर, म्हणजे नेटवर्कवर वाटून दिलेलं फोल्डर, आणि तो डोमेनमधल्या (कंपनीची खाती आणि पीसी एकत्र सांभाळणाऱ्या विंडोज व्यवस्थेतल्या) प्रत्येक पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला. शॉपमध्ये सर्व्हर, शेअर हे शब्द कुणी वापरत नाही. ‘झेडवर टाकलंय’, ‘झेडवरून घे’, एवढंच. त्यामुळे तक्रारही तेवढीच येते: ‘सर, झेड गेला.’

ही तक्रार दीड-दोन महिन्यांत तीनदा आली. तक्रारीचे शब्द दर वेळी तेच होते, आणि कारण दर वेळी निराळं निघालं. पहिल्या वेळचा उपाय दुसऱ्या वेळी लागू पडला नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर.

आधी मांडणी. डिझायनर संध्याकाळी घरून काम करतात. घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायला व्हीपीएन आहे, तर लॅपटॉपवरच झेड का जोडत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. अडचण वेगाची नाही, फेऱ्यांची आहे, म्हणजे सर्व्हरला विचारणा आणि त्याचं उत्तर अशा ये-जांची. एका असेंब्लीत ४०० पार्ट फाइल असतील, प्रत्येक फाइल उघडायला एसएमबीच्या (विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीच्या) दहा-एक फेऱ्या लागत असतील आणि घरून सर्व्हरपर्यंतची एक फेरी ३० मिलिसेकंदांची असेल, तर नुसत्या वाट बघण्यातच दोन मिनिटं जातात. लाइन १०० एमबीपीएसची असली तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून भोसरीतल्याच एका वर्कस्टेशनवर रिमोट लॉगिन करायचं आणि फाइली तिथल्या तिथे हाताळायच्या, ही पद्धत योग्यच होती. त्या वर्कस्टेशनवर एक बॅच स्क्रिप्ट होती. रिलीज झालेल्या ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि एनसी (मशिन चालवणारे) प्रोग्रॅम ती झेडवरून उचलून शॉपच्या फोल्डरात ठेवी. सकाळच्या पाळीला ऑपरेटर तिथून घेई.

सुरुवातीला हे सगळं रिमोट डेस्कटॉपवर चालायचं. त्यात दोन कटकटी होत्या. वर्कस्टेशनवर विंडोज १० प्रो, म्हणजे एका वेळी एकच माणूस पडद्यावर. घरून डिझायनर आत शिरला की समोर बसलेल्या सुपरवायझरचा पडदा लॉक. दुसरी कटकट गुरुवारची. भोसरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि वीज कंपनीची देखभालीची कामंही गुरुवारीच. यूपीएस दोन-तीन तासांत मान टाकतो. डिझायनर मंडळी लॉग ऑफ न करता नुसतं डिसकनेक्ट करायची, म्हणजे सत्र मागे चालू राहायचं आणि स्क्रिप्टही. गुरुवारी वीज गेली की ते सत्र संपायचं, आणि शुक्रवारी सकाळी शॉपचं फोल्डर रिकामं. म्हणून पडद्याला हात न लावता, नुसत्या कमांड लाइनवरून काम व्हावं यासाठी एसएसएच, म्हणजे दूरच्या मशिनवर आज्ञा देण्याची कूटबंद वाट, आणायचं ठरलं. ओपनएसएसएचचा सर्व्हर विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून विंडोजमध्येच पर्यायी घटक म्हणून मिळतो. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पहिली तक्रार

एसएसएच लागलं, पासवर्ड टाकून डिझायनर आत आला, स्क्रिप्ट चालवली, आणि ‘सिस्टिमला असा ड्राइव्ह सापडत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला. त्याच वेळी त्याच मशिनवर समोर बसलेल्या माणसाला झेड व्यवस्थित दिसत होता. दोघांचं लॉगिन नावही एकच. इथे बहुतेक जण नेटवर्क तपासायला लागतात आणि अर्धा दिवस घालवतात.

ड्राइव्हचं अक्षर मशिनच्या मालकीचं नसतं, लॉगिनच्या मालकीचं असतं. विंडोज प्रत्येक लॉगिनला एक अंतर्गत क्रमांक देतं आणि जोडलेल्या ड्राइव्हची अक्षरं त्या क्रमांकाखाली ठेवतं. तोच माणूस, त्याच मशिनवर, त्याच मिनिटाला दोन वाटांनी आत आला तर क्रमांक दोन, आणि अक्षरांच्या याद्याही दोन. लिनक्सवर काम केलेल्यांना हे हटकून चकवतं, कारण तिथे माउंट केलेलं फोल्डर साधारणपणे मशिनवरच्या सगळ्या सत्रांना दिसतं.

एसएसएचच्या सत्रात ‘नेट यूज’ ही आज्ञा दिली तर यादीत झेड दिसतो, पण त्याच्यापुढे ‘अनअव्हेलेबल’ असतं. गोंधळ वाढवणारं चित्र हेच. झेडची आठवण वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत), ‘नेटवर्क’ नावाच्या शाखेत लिहिलेली असते, आणि एसएसएचमध्येही तीच रजिस्ट्री उघडते, म्हणून नाव दिसतं. पण त्या आठवणीवरून प्रत्यक्ष जोडणी करण्याचं काम पडद्यावरच्या लॉगिनच्या वेळी होतं. एसएसएचमध्ये ते कुणी करत नाही.

कुणीतरी इंटरनेटवरून ‘एनेबल लिंक्ड कनेक्शन्स’ ही रजिस्ट्रीची नोंद शोधून आणली, १ केली आणि मशिन रीस्टार्ट केलं. काही बदललं नाही, आणि बदलणारही नव्हतं. ती नोंद दुसऱ्याच दुखण्यावरची आहे: ॲडमिन वापरकर्त्याला यूएसी (विंडोजची अधिकार-नियंत्रणाची सोय) एका लॉगिनमध्ये दोन टोकन, म्हणजे अधिकारपत्रं, देतं, एक साधं आणि एक वरच्या अधिकाराचं. साध्यात जोडलेला झेड ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’च्या खिडकीत दिसत नाही. ही नोंद त्या दोन जुळ्यांना एकमेकांची अक्षरं दाखवते. एसएसएचचं सत्र त्यांच्या घरातलंच नाही.

पण खरं नुकसान या तक्रारीच्या आड झालं होतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत झेडवरच्या रिलीज फोल्डरात जायचं होतं, दुसऱ्या ओळीत तिथल्या जुन्या पीडीएफ पुसायच्या होत्या. पहिली ओळ फसली. बॅच फाइल फसलेल्या ओळीवर थांबत नाही, पुढची ओळ चालवते. एसएसएचचं सत्र वापरकर्त्याच्या प्रोफाइल फोल्डरात उघडतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीने तिथल्या सगळ्या पीडीएफ पुसल्या. ‘डेल’ने पुसलेलं रीसायकल बिनमध्येही जात नाही. बॅकअपमधून आणावं लागलं, आणि आदल्या रात्रीनंतरचं आलं नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती स्क्रिप्टची. फोल्डर बदलण्याच्या प्रत्येक ओळीपुढे दोन उभ्या रेघा आणि ‘एक्झिट स्लॅश बी १’, म्हणजे फसलं की तिथेच बाहेर. पुसायच्या आज्ञेत पूर्ण पाथ. ‘जिथे आहोत तिथलं पूस’ असं स्क्रिप्टमध्ये कधी लिहू नये. आणि झेडच्या जागी सगळीकडे पूर्ण नेटवर्क पाथ: दोन बॅकस्लॅश, सर्व्हरचं नाव, एक बॅकस्लॅश, शेअरचं नाव. कमांड प्रॉम्प्ट असा पाथ चालू फोल्डर म्हणून घेत नाही, ‘सीडी’ नकार देतं. तिथे ‘पुशडी’ वापरायचं. ते झेडपासून उलट्या क्रमाने पहिलं मोकळं अक्षर तात्पुरतं जोडून देतं आणि ‘पॉपडी’ने सोडवतं. कोणतं अक्षर मिळेल यावर मात्र विसंबू नये.

फाइली कॉपी करणाऱ्या ‘रोबोकॉपी’ या आज्ञेबद्दलही एक गोष्ट. फाइल कॉपी झाली नाही तर ती मूळ सेटिंगमध्ये दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर प्रयत्नामध्ये ३० सेकंद थांबून. स्क्रिप्ट ‘अडकली’ असं वाटतं ते यामुळे. आर ३ आणि डब्ल्यू ५, म्हणजे तीन प्रयत्न आणि मध्ये पाच सेकंद, द्यायचं. शिवाय तिचा परतीचा आकडा १ आला तर ती चूक नसते, ‘फाइली कॉपी झाल्या’ असा त्याचा अर्थ. ८ आणि त्यापुढचे आकडे मात्र चूक दाखवतात.

पाथ बदलले, पासवर्डने लॉगिन केलं, स्क्रिप्ट चालली. तीन आठवडे शांतता.

दुसरी तक्रार

मग एका ग्राहक कंपनीच्या माहिती-सुरक्षा तपासणीत पासवर्डने एसएसएच चालू आहे यावर बोट ठेवलं गेलं. सूचना रास्त होती. पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या (की-फाइली) तयार झाल्या, पासवर्डची वाट बंद झाली. किल्लीच्या मांडणीत एक खाचखळगा आहे: ॲडमिन गटातल्या वापरकर्त्यांच्या किल्ल्या त्यांच्या प्रोफाइलमधून वाचल्या जात नाहीत. त्या ‘प्रोग्रॅमडेटा’मधल्या ‘एसएसएच’ फोल्डरातल्या सामायिक फाइलमध्ये असाव्या लागतात, आणि त्या फाइलवर ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम सोडून कुणाचा अधिकार असला तर ती दुर्लक्षिली जाते. हे सांभाळलं, लॉगिन झालं. स्क्रिप्ट पुन्हा मेली, या वेळी ‘ॲक्सेस डिनाइड’, म्हणजे त्रुटी ५ वर.

हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी ड्राइव्ह सापडत नव्हता. आता सर्व्हर सापडतोय, दार उघडत नाहीये. त्रुटी ५३ किंवा ६७ आली असती तर नाव, डीएनएस किंवा पोर्ट ४४५ बघायचं होतं. तेही वर्कस्टेशनवरून, कारण सर्व्हरकडे जाणारं वर्कस्टेशन आहे, घरचा लॅपटॉप नाही. लॅपटॉपवरून सर्व्हरला पिंग करून बघण्यात इथे काहीच हाती लागत नाही.

पासवर्डने लॉगिन झालं तेव्हा वर्कस्टेशनच्या हातात तो पासवर्ड क्षणभर आलेला असतो. त्यावरून ते डोमेन कंट्रोलरकडून (डोमेनची खाती तपासणाऱ्या सर्व्हरकडून) कर्बरॉसचं, म्हणजे डोमेनच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीचं, मूळ तिकीट घेतं आणि पुढे फाइल सर्व्हरपुढे तुमच्या वतीने उभं राहू शकतं. इव्हेंट लॉगमध्ये ४६२४ क्रमांकाच्या नोंदीत लॉगिनचा प्रकार ८ दिसतो, त्याचं नाव ‘नेटवर्क क्लिअरटेक्स्ट’. नाव वाचून तपासनीस दचकतात, पण तारेवरून पासवर्ड एसएसएचच्या कूटबंदातूनच गेलेला असतो. किल्लीने लॉगिन केलं तर पासवर्ड कुठेच येत नाही. वर्कस्टेशनला पटतं की माणूस तोच आहे, ते स्वतःपुरतं टोकन बनवून देतं, सी ड्राइव्हवरचं सगळं काम होतं. मात्र तिसऱ्या मशिनला दाखवायला त्या टोकनजवळ काही नसतं. ‘केलिस्ट’ ही आज्ञा दोन्ही सत्रांत देऊन पाहिली: पासवर्डच्या सत्रात ‘केआरबीटीजीटी’ नावाचं तिकीट होतं, किल्लीच्या सत्रात नव्हतं. एवढ्या एका तपासणीत निदान संपतं.

विंडोजमध्ये हीच गोष्ट आणखी एका ठिकाणी स्पष्ट लिहिलेली आहे. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ‘पासवर्ड साठवू नका’ या चौकटीपुढेच सांगितलेलं असतं की असं काम फक्त त्याच संगणकावरच्या गोष्टींपर्यंत पोचेल. पॉवरशेलच्या रिमोट सत्रातही हेच ‘दुसऱ्या उडीचं’ दुखणं आहे.

निदान होण्याआधी जे झालं ते मात्र वाईट होतं. नेटवर्कचं काम बघणाऱ्या बाहेरच्या माणसाने ‘ॲक्सेस डिनाइड’ वाचलं आणि शेअरवर आणि फोल्डरवर दोन्हीकडे ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देऊन टाकलं. उपयोग शून्य. ओळखपत्राविना आलेली जोडणी सर्व्हरवर ‘ॲनॉनिमस लॉगऑन’ म्हणून नोंदली जाते, आणि अनामिक हा विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये ‘एव्हरीवन’मध्ये मोजलाच जात नाही. म्हणजे ज्याला आत घ्यायचं होतं तो बाहेरच, आणि अकाउंट्सपासून गेटवरच्या पीसीपर्यंत सगळ्यांना ड्रॉइंग पुसायचा अधिकार. हे चार दिवस तसंच राहिलं. परवानगी वाढवण्याआधी सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये कोणत्या नावाने दार ठोठावलं गेलं ते बघायला पाच मिनिटं लागतात.

दुसरा प्रयत्न पासवर्ड साठवायचा. ‘सीएमडी-की’ ही आज्ञा एसएसएचच्या सत्रात दिली, तर या लॉगिन सत्रातून ओळखपत्र साठवता येत नाही असं तिने तोंडावर सांगितलं. ‘नेट यूज’ला कायमस्वरूपी जोडणी आणि नाव-पासवर्ड एकत्र दिलं की त्रुटी १३१२ येते, ‘असं लॉगिन सत्र अस्तित्वात नाही’. शब्द भयंकर आहेत, मतलब तोच: साठवायची तिजोरी या सत्राला उघडत नाही. मग कुणीतरी बॅच फाइलमध्येच पासवर्ड लिहिण्याचं सुचवलं. किल्ल्या आणायच्या आणि मग पासवर्ड साध्या फाइलमध्ये ठेवायचा, तर किल्ल्या आणल्या कशाला?

कर्बरॉसचं तिकीट लॅपटॉपवरूनच पुढे पाठवता येतं. एसएसएचमध्ये जीएसएसएपीआय नावाची तशी सोय आहे. पण त्यासाठी लॅपटॉपवर मुळात डोमेनचं तिकीट हवं, आणि इथले घरचे लॅपटॉप डोमेनमध्ये नव्हते. शिवाय त्यासाठी वर्कस्टेशनला ‘डेलिगेशनसाठी विश्वासू’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने पुढे जायची मुभा असलेलं, ठरवावं लागतं. शॉपफ्लोअरवरच्या, कुणीही पेनड्राइव्ह लावू शकेल अशा मशिनवर सगळ्यांची मूळ तिकिटं जमा होऊ देणं आम्हाला पटत नाही.

काय केलं

काम दोन भागांत तोडलं. माणूस समोर असतो ते एक, आणि रात्री आपोआप होतं ते दुसरं. आधी हे दोन्ही एकाच सत्रात कोंबलं होतं.

डिझायनरला एसएसएचमध्ये स्वतः एखादी फाइल बघायची असेल तर त्याने सत्रातच ‘नेट यूज’ द्यायचं: शेअरचा पूर्ण पाथ, पासवर्डच्या जागी चांदणी, डोमेनसह स्वतःचं नाव आणि ‘पर्सिस्टंट नो’. चांदणीमुळे पासवर्ड विचारला जातो, टाइप करताना दिसत नाही, आज्ञांच्या इतिहासातही राहत नाही. सत्र संपलं की जोडणीही संपते. त्याच सत्रातून त्याच सर्व्हरला आधी दुसऱ्या नावाने जोडलेलं असेल तर त्रुटी १२१९ येते, कारण एका लॉगिनमधून एका सर्व्हरकडे एकाच नावाने जाता येतं. आधीची जोडणी ‘डिलीट’ने काढायची. सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता लिहून ही अडचण चुकवतात खरी, पण मग कर्बरॉसऐवजी एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर गाडी जाते आणि पुढच्या माणसाला उलगडा होत नाही.

रात्रीच्या कामासाठी गट-व्यवस्थापित सर्व्हिस खातं काढलं, जीएमएसए. त्याचा पासवर्ड माणसाला माहीत नसतो. डोमेन तो बनवतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० दिवसांनी बदलतं. डोमेनमध्ये आधी केडीएसची (असे पासवर्ड बनवणाऱ्या सेवेची) मूळ किल्ली एकदा तयार करावी लागते, आणि ती वापरात यायला १० तास जातात. संध्याकाळी ती तयार करून घरी जावं. मग खातं तयार करताना त्याचा पासवर्ड कोणत्या संगणकांना मिळावा त्यांचा गट सांगायचा, वर्कस्टेशन त्या गटात घालायचं आणि रीस्टार्ट करायचं. गटातलं नवं सदस्यत्व रीस्टार्टशिवाय मशिनच्या तिकिटात लगेच येत नाही, आणि इथेच बहुतेकांची तपासणी ‘फॉल्स’ दाखवते. ‘टेस्ट-एडी-सर्व्हिस-अकाउंट’ने ‘ट्रू’ म्हटलं की पुढे जायचं.

टास्क पॉवरशेलमधून बनवलं, लॉगिनचा प्रकार ‘पासवर्ड’ आणि नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह. पासवर्ड द्यावा लागत नाही, तरी प्रकार तोच लिहायचा. खात्याला वर्कस्टेशनवर ‘बॅच जॉब म्हणून लॉगिन’चा अधिकार हवा. सर्व्हरवर त्याला ड्रॉइंग्ज शेअरवर फक्त वाचायचा, शॉपच्या फोल्डरावर लिहायचा अधिकार दिला. शेअरची परवानगी आणि फोल्डरची एनटीएफएस परवानगी या दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते, तेव्हा दोन्हीकडे बघावं लागतं. ‘एव्हरीवन’ अर्थातच काढलं.

राहिला प्रश्न डिझायनरने काम सुरू कसं करायचं याचा. साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या नावाचं टास्क चालवता येत नाही, आणि त्यासाठी त्याला ॲडमिन करणं म्हणजे पुन्हा पहिले पाढे. त्यामुळे उलट केलं. वर्कस्टेशनच्या डी ड्राइव्हवर ‘रिलीज’ फोल्डर, त्यात डिझायनरने ड्रॉइंग क्रमांकांची साधी टेक्स्ट यादी टाकायची. यादी आधी दुसऱ्या नावाने लिहायची आणि पूर्ण झाली की नाव बदलायचं, नाहीतर अर्धी यादीच उचलली जाते. टास्क दर पाच मिनिटांनी तिथे बघतं, यादी असेल तर काम करतं आणि शेजारी लॉग ठेवतं. किल्लीच्या सत्राला आता सर्व्हरपर्यंत जायचंच नाही. त्याच्या हातात जेवढं आहे तेवढ्यात त्याचं काम होतं.

तिसरी तक्रार

ती आली एका शुक्रवारी सकाळी, गुरुवारच्या शटडाऊननंतर. या वेळी लॉगमध्ये पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना त्रुटी ५३ होती: वीज आल्यावर वर्कस्टेशन आधी उठलं, फाइल सर्व्हर रेडची (एकत्र जोडलेल्या डिस्कची) तपासणी करत बसला. ते पाच मिनिटांच्या फेऱ्यांनी आपोआप निस्तरलं असतं. पण त्यापुढे सर्व्हर उठल्यावरही लॉगिन नाकारलं जात होतं. फाइल सर्व्हरच्या मदरबोर्डवरची, घड्याळ चालू ठेवणारी सीमॉस बॅटरी संपलेली होती, त्यामुळे पूर्ण वीज गेल्यावर त्याचं घड्याळ मागे गेलं होतं. कर्बरॉस मूळ सेटिंगमध्ये दोन घड्याळांतला फक्त ५ मिनिटांचा फरक सहन करतं. वेळ डोमेन कंट्रोलरशी जुळवली तेव्हा पुढच्याच फेरीत फाइली गेल्या. बदलावं लागलं ते एक सीआर २०३२ नाणं-बॅटरी.